अहमदाबादला जाऊन अर्ज करा

नाताळच्या सुट्टीत पप्पांचा एक नेम होता. सकाळी सायकलच्या हँडलला दोन कापडी पिशव्या अडकवायच्या, मला पुढच्या दांडीवर बसवायचं आणि स्टेशनजवळच्या रेल्वे क्वार्टर्समधून कतारगामला निघायचं. ही गोष्ट १९६६-६७ च्या सुमाराची. कतारगामची पापडी साऱ्या सुरतेत नावाजलेली. ती नसेल तर उंधियूला हात लावायचा नाही, असं शेजारच्या मासी ठासून सांगायच्या. शहराच्या जुन्या कोटाबाहेर पडलं की शेतं लागत. दवाने ओल्या झालेल्या शेंगांना एक कच्चा, हिरवा वास असायचा. पप्पा नगरकडच्या मराठीत गुजराती मिसळून घासाघीस करत आणि शेवटी शेतकरी म्हणेल तेवढेच पैसे देत.

परतताना आम्ही कतारगाम दरवाजाजवळच्या इंग्रजांच्या कबरस्तानात थांबायचो. तिथली एक कबर मला पहिल्यांदा दर्गाच वाटली होती. खांब, कमानी, वर जाणारा जिना, डोक्यावर घुमट. ती कबर ऑक्सेंडन बंधूंची. ख्रिस्तोफर १६५९ साली गेला, सर जॉर्ज १४ जुलै १६६९ रोजी. जॉर्ज इथल्या इंग्रज वखारीचा अध्यक्ष होता आणि मुंबई ईस्ट इंडिया कंपनीकडे आल्यावर तिचाही कारभार त्याच्याकडेच आला. मुघलांच्या मकबऱ्यांशी बरोबरी करायची म्हणून या व्यापाऱ्यांनी आपल्या कबरी एवढ्या उंच बांधल्या. गुलाम फळियात डचांनी त्याहून मोठी बांधली, ती हेन्ड्रिक व्हान ऱ्हीडची. मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा ‘होर्तुस मलबारिकुस’ हा ग्रंथ सिद्ध करणारा हा माणूस १६९१ च्या डिसेंबरात मुंबईजवळ समुद्रात वारला आणि सुरतेच्या मातीत आला. त्याच ग्रंथाच्या पहिल्या खंडात रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट यांचं कोकणी निवेदन नागरी लिपीत छापलेलं आहे. डच कंपनी कट्टर प्रोटेस्टंट. कोची जिंकल्यावर तिने युरोपातल्या कॅथलिक धर्मगुरूंना तिथून बाहेर काढलं होतं. तरी व्हान ऱ्हीडने याच ग्रंथाच्या कामात मॅथ्यू नावाच्या एका कार्मेलाइट साधूला आपल्या बरोबर घेतलं. पप्पांना ही गोष्ट फार आवडायची.

पप्पा रेल्वेत कारकून होते. आमचं मूळ अहमदनगर जिल्ह्यातलं, अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीतलं. सुरत तेव्हा मुंबई राज्यात होती, त्यामुळे बदली होऊन इथे येणं म्हणजे परमुलखात जाणं वाटलं नाही. १ मे १९६० ला राज्यं वेगळी झाली आणि आम्ही जागच्या जागी परप्रांतीय झालो. रविवारी देवळात उपासना गुजरातीत, घरी रात्रीची प्रार्थना मराठीत आणि मधेच आजी नारायण वामन टिळकांचा एखादा अभंग म्हणायची, अशी आमची घडी बसली.

सुरतेत मराठी मुलगा म्हणून वाढण्यात एक अडचण होती. शाळेत शिवाजी महाराजांच्या जानेवारी १६६४ च्या सुरतेवरील स्वारीचा धडा आला की सगळा वर्ग माझ्याकडे वळून बघायचा. त्यांच्यासाठी ती लूट, आमच्या घरी स्वराज्याची गरज. पप्पांनी मला या धड्यातली एक गोष्ट दिली आणि ती मी वर्गात उभं राहून सांगितली. फ्रेंच प्रवासी बर्नियेने ती नोंदवली आहे. सुरतेत कॅपुचिन पंथाचा फादर ॲम्ब्रोज राहत होता. महाराजांनी त्याचा मठ आणि घर यांना हात लावू दिला नाही, कारण हे पाद्री भली माणसं आहेत असं त्यांचं मत होतं. डचांचा एक हिंदू दलाल आधीच वारला होता, पण हयातीत दानधर्म करणारा म्हणून त्याचंही घर वाचलं, असं बर्निये लिहितो. त्या चार दिवसांत सुरतेत पैशाने, तोफांनी, ओळखीने पुष्कळांनी आपला जीव वाचवला. ॲम्ब्रोजला त्याच्या वागण्याने वाचवलं. गुरुजी काही बोलले नाहीत, पण मला बसायला सांगताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

मात्र पप्पा त्या कबरस्तानात जी गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत ती ॲम्ब्रोजची नव्हती. ती १६६९ ची होती.

जॉर्ज ऑक्सेंडन जुलैत गेला आणि त्याच्या जागी जेराल्ड ऑन्जियर आला. मुंबईचा पाया घालणारा म्हणून त्याचं नाव आपण घेतो, ते योग्यच आहे. तो मनापासून धार्मिक होता. वखारीत सकाळ-संध्याकाळ प्रार्थना होत, रविवारी तीन वेळा. कंपनीने धर्मोपदेशक ठेवला होता. ऑन्जियर येऊन दोन महिने झाले नाहीत तोच सुरतेतल्या वाण्यांवर संकट आलं. इथल्या काझीचा जाच वाढला होता आणि आपल्याला बळजबरीने बाटवतील, ही त्यांची धास्ती रास्त होती. त्यांचे पुढारी ऑन्जियरकडे गेले. भीमजी पारेख त्यांच्यातले प्रमुख. कंपनीचे जुने दलाल, पुढे १६७४ साली मुंबईत छापखाना यावा म्हणून विलायतेहून मुद्रक आणवणारे तेच हे भीमजी. त्यांनी विचारलं, आम्हाला मुंबईत आसरा द्याल का?

ऑन्जियरचं मन त्यांच्या बाजूने होतं. मुंबईला व्यापारी हवेही होते. पण वाण्यांना उघड आसरा दिला तर औरंगजेब रागावेल आणि सुरतेतला कंपनीचा व्यापार बुडेल. त्याने सल्ला दिला: आत्ता मुंबईला येऊ नका. अहमदाबादला जा आणि तिथून बादशहाकडे अर्ज करा.

सप्टेंबरच्या अखेरीस आठ हजार वाणी सुरत सोडून निघाले. भडोचला जाऊन राहिले. बाजार बंद, सराफी बंद, बंदरातला माल पडून. डिसेंबरात बादशहाकडून अभयाचं पत्र आलं तेव्हा ते परतले. म्हणजे त्यांना न्याय मिळवून दिला तो त्यांच्या स्वतःच्या पायांनी आणि त्यांनी लावलेल्या कुलपांनी. रोज देवासमोर गुडघे टेकणारी वखार त्या तीन महिन्यांत हिशेब सांभाळत बसली.

पप्पा ऑन्जियरला दुष्ट म्हणत नसत. आठ वर्षांनी, १६७७ साली, दीवच्या नीमा पारख यांनी मुंबईत येण्यासाठी अटी घातल्या तेव्हा याच ऑन्जियरच्या कारभाराने त्यांना आपला धर्म निर्वेध पाळण्याची हमी दिली. त्यांच्या आवारात कुणी जनावर मारणार नाही, इथपर्यंत. त्याच वर्षी तो सुरतेतच मरण पावला. मुंबई ही सर्व धर्मांची झाली ती अशा हमींमुळे. पण पप्पा म्हणायचे, हमी द्यायला आठ वर्षं लागली आणि ज्यांना सप्टेंबरात हवी होती त्यांना ती सप्टेंबरात मिळाली नाही. मग ते सायकलचं कुलूप काढत आणि आम्ही पापडी घेऊन घरी जायचो.

तडजोड हा शब्द आमच्या घरात शिवी नव्हता, हे मला सांगितलं पाहिजे. उलट, आमची मंडळीच एका तडजोडीतून उभी राहिली. १८१३ च्या फेब्रुवारीत गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोन अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले. कंपनीला मिशनरी नको होते. रयत बिथरेल आणि राज्य धोक्यात येईल, अशी तिला भीती. त्यांना परत धाडा, असा कलकत्त्याहून हुकूम आला. मुंबईचा गव्हर्नर सर इव्हान नेपियन स्वतः बायबल सोसायटीच्या कामातला, श्रद्धाळू. हॉलने त्याला पत्र लिहिलं, आणि ते गव्हर्नराला नव्हे तर त्याच्यातल्या ख्रिस्ती माणसाला लिहिलं. नेपियनने हुकूम मोडला नाही, पण अंमल लांबवत नेला. मधे हे दोघे कोचीला पळून गेले, धरून परत आणले गेले, आणि अखेरीस मुंबईतच राहिले. हॉल १८२६ साली नाशिकच्या बाजूला पटकीने वारला. इकडे सुरतेत १८१५ पासून स्किनर आणि फायवी हे मिशनरी काम करू लागले आणि गुजराती बायबल याच शहरात छापलं गेलं. मी आज गुजरातीत वचन वाचतो तेव्हा त्या लांबवलेल्या हुकुमाचा मीही धनी आहे.

आणि पप्पांची सगळ्यात लाडकी तडजोड १९४९ ची. त्यांना ती तोंडपाठ होती, कारण ते तेव्हा विशीत होते आणि वर्तमानपत्र रोज मोठ्याने वाचत. १९४७ च्या आराखड्यात ख्रिस्ती लोकांना केंद्रात, मद्रासेत आणि आपल्या मुंबई इलाख्यात राखीव जागा मिळणार होत्या. सुरत मुंबई इलाख्यात, नगरही मुंबई इलाख्यात, म्हणजे त्या जागा आमच्याच. मे १९४९ मध्ये त्या सोडून द्याव्यात, असा ठराव मांडला तो ख्रिस्ती माणसाने. हरेंद्र कुमार मुखर्जी, घटना समितीचे उपाध्यक्ष. जेझुइट फादर जेरोम डिसोझा त्यांच्या बरोबर उभे राहिले. धर्माच्या नावावर जागा मागणार नाही, शेजाऱ्याच्या मतावर भरवसा ठेवू. त्याआधी डिसेंबर १९४८ मध्ये धर्मस्वातंत्र्याच्या कलमातल्या ‘प्रसार’ या शब्दावर वाद झाला तेव्हा तो शब्द राहावा म्हणून बोलणाऱ्यांत भडोचचे कन्हैयालाल मुनशी होते. ख्रिस्ती बांधवांना या शब्दाचं मोल किती आहे हे त्यांनी सभागृहाला सांगितलं. तो शब्द आज पंचविसाव्या कलमात आहे.

जागा सोडली आणि शब्द राखला. पप्पांच्या मते हीच श्रद्धाळू माणसाची तडजोड. १६६९ मध्ये ऑन्जियरने उलट केलं होतं: जागा राखली आणि माणूस सोडला. माझ्या सत्तरीत मी एवढंच शिकलो आहे की, तडजोड करणारा काय सोडतो ते बघावं. स्वतःचं सोडत असेल तर त्याला नमस्कार करावा.

पप्पांच्या काळचे पाळक मला आठवतात. कुठल्याशा निवडणुकीत एक उमेदवार रविवारी देवळाशी आला. पाळकसाहेबांनी त्याला पुढच्या बाकावर बसवलं, उपासनेनंतर चहा दिला, पण व्यासपीठावर जाऊ दिलं नाही. तिथून फक्त वचन बोललं जातं, असं म्हणाले. उमेदवार निवडून आला. वर्षभराने मिशनच्या जमिनीचं काही काम त्याच्याकडे निघालं आणि ते झालं नाही. ती जमीन आम्ही गमावली. त्यावर पाळकसाहेबांना कुणी बोल लावल्याचं मला आठवत नाही.

१९८० नंतर कतारगाम बदललं. हिरे घासायच्या घंट्या आल्या, काठियावाडातून हजारो कुटुंबं आली, पापडीच्या शेतांत सोसायट्या उभ्या राहिल्या. मीही एका सोसायटीत दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. आमच्या जिन्यात सौराष्ट्राचे पटेल, खानदेशातले पाटील, ओडिशाचे यंत्रमाग कामगार आणि आम्ही. १९९४ च्या सप्टेंबरात वेड रोडच्या बाजूने प्लेगची बातमी आली तेव्हा हे सगळं शहर रातोरात स्टेशनकडे धावलं. १६६९ नंतर सुरत इतकी रिकामी क्वचितच झाली असेल. डॉक्टरसुद्धा निघून गेले होते. त्या आठवड्यात आमचे तेव्हाचे तरुण पाळक तोंडाला रुमाल बांधून घरोघर गोळ्या वाटत फिरले, आणि कुणाचा धर्म विचारला नाही. खालच्या मजल्यावरचे पटेलकाका अजून त्यांची आठवण काढतात.

चार वर्षांनी, १९९८ च्या नाताळात, डांगमध्ये ख्रिस्ती देवळं जाळली गेली. सुरतेहून डांगचं आहवा चार-पाच तासांवर. जानेवारीत पंतप्रधान वाजपेयी डांगला येऊन गेले आणि धर्मांतरावर राष्ट्रीय चर्चा व्हावी, असं म्हणाले. पप्पा तेव्हा सत्तरी ओलांडलेले, गुडघे गेलेले. ते घोंगड्यांचं गाठोडं घेऊन एसटीने निघाले. मी म्हटलं, पप्पा, चर्चची समिती काय ठरवते ते बघू. ते म्हणाले, समिती ठरवील तोवर थंडी संपेल. आम्ही दोघं गेलो. अर्धवट जळालेल्या वाशांखाली लोक प्रार्थना करत होते, आणि ज्यांनी जाळलं त्यांची नावं ठाऊक असूनही प्रार्थनेत ती रागाने घेत नव्हते. त्या दिवसाने मला जितकं ख्रिस्ती केलं तितकं बाप्तिस्म्यानेही केलं नव्हतं.

आता माझ्या काळाचं सांगतो, आणि त्यात मी स्वतः आहे.

२००३ साली गुजरातेत धर्मस्वातंत्र्याचा कायदा झाला. धर्मांतराचा विधी करणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांची आधी परवानगी घ्यावी, असं त्यात आहे. २०२१ मध्ये तो आणखी कडक झाला. बळजबरीने किंवा आमिषाने धर्म बदलवणं पाप आहे, हे मीच आधी म्हणेन. भीमजी पारेखांना ज्याची भीती होती ते कुणाच्याही वाट्याला येऊ नये. पण कायद्याच्या सावलीत साधी घरातली प्रार्थनासुद्धा संशयाची होते, हे डोंगराकडच्या आमच्या लोकांना विचारा. शहरातल्या चर्चला वेगळी काळजी असते: शाळेची मान्यता, कबरस्तानाची जागा, परदेशी देणगीचा परवाना. त्यामुळे राजकारणी माणूस आता पुढच्या बाकावर बसत नाही. आम्हीच त्याला व्यासपीठावर नेतो. २००८ च्या पुनर्रचनेनंतर कतारगाम हा स्वतंत्र विधानसभा मतदारसंघ झाला आणि पुढाऱ्यांचं येणं-जाणं वाढलं. नाताळच्या कार्यक्रमात शाल, पुष्पगुच्छ, केक, फोटो. पक्ष कुठलाही असो. वचन दहा मिनिटं आणि सत्कार पाऊण तास.

काही वर्षांपूर्वी अशाच एका नाताळाच्या आधी डोंगराळ तालुक्यातलं एक कुटुंब आमच्या समितीकडे आलं. नवरा-बायको आणि नवऱ्याची म्हातारी आई. त्यांच्या घरातली प्रार्थनासभा काही लोकांनी येऊन बंद पाडली होती, आणि तक्रार घ्यायला कुणी तयार नव्हतं. त्यांची मागणी मोठी नव्हती. समितीने एक पत्र द्यावं, आणि जो पुढारी पाहुणा म्हणून येणार आहे त्याच्या हातात ते ठेवावं. समितीत सात जण होतो. चर्चा अर्धा तास झाली. पाहुण्याला अवघडल्यासारखं होईल. कार्यक्रमाचा विरस होईल. आपल्या शाळेचं काम अडलेलं आहे. शेवटी ठरलं की त्यांना सांगावं, तुम्ही जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन रीतसर अर्ज करा.

मी हात वर केला. ठरावाच्या बाजूने.

म्हातारी उठताना मला म्हणाली, सलाम भाऊ. जुन्या ख्रिस्ती घरांत असाच सलाम करतात. ती चिडलेली नव्हती. घरी येऊन मी जेवायला बसलो, समोर उंधियूची वाटी होती, आणि पप्पांचा आवाज कानात आला: अहमदाबादला जा आणि तिथून अर्ज करा. साडेतीनशे वर्षांनी, कतारगाम दरवाजापासून हाकेच्या अंतरावर, तोच सल्ला मी दिला होता. ऑन्जियरजवळ निदान साऱ्या कंपनीचा व्यापार गमावण्याची भीती होती. माझ्याजवळ एका संध्याकाळचा कार्यक्रम होता.

हे फक्त इथलं नाही. माझा पुतण्या अमेरिकेत असतो. तिथल्या सदर्न बाप्टिस्ट या मोठ्या परंपरानिष्ठ संघाने १९९८ साली, क्लिंटन यांच्या प्रकरणाच्या वर्षी, सार्वजनिक पदावरच्या माणसाचं शील महत्त्वाचं आहे, असा ठराव केला होता. २०११ च्या एका पाहणीत गोऱ्या इव्हँजेलिकल लोकांपैकी ३० टक्केच म्हणत होते की, खासगी आयुष्यात अनैतिक वागणारा माणूस सार्वजनिक कामात नीतीने वागू शकतो. २०१६ मध्ये ७२ टक्के तसं म्हणू लागले. पाच वर्षांत पवित्र शास्त्र बदललं नव्हतं, उमेदवार बदलला होता. पुतण्याने मला फोनवर विचारलं, काका, ही माणसं रोज बायबल वाचतात, मग असं कसं? मी त्याला आमच्या समितीची गोष्ट सांगितली. तो बराच वेळ गप्प होता.

तेव्हाची माणसं आमच्यापेक्षा जास्त श्रद्धाळू होती, असं मी म्हणणार नाही. वखारीतली प्रार्थना आमच्याइतकीच मनापासूनची असेल. पण आमच्या पाळकसाहेबांनी जमीन जाऊ दिली, मुखर्जींनी जागा सोडल्या, तरुण पाळकाने प्लेगात जीव पणाला लावला, पप्पांनी समितीची वाट पाहिली नाही. त्यांना गमावता येत होतं. आमच्याजवळ आता जपायला फार झालं आहे, आणि ज्याच्या मागे जपण्याचं ओझं असतं त्याच्या तोंडून सत्य निघायला उशीर होतो. संरक्षण मिळावं म्हणून आम्ही सत्तेजवळ सरकलो. तिथे पोचल्यावर ज्याच्यासाठी संरक्षण हवं होतं तोच माणूस नकोसा झाला.

ते कुटुंब मी नंतर शोधलं. गाव सापडलं, घर सापडलं. म्हातारी वारली होती. मुलाने चहा दिला आणि मी क्षमा मागितली. त्या रात्री त्यांच्या ओसरीवर आम्ही अकरा जण प्रार्थनेला बसलो, आणि कुणी अडवायला आलं नाही.

आज कतारगामला पापडीची शेतं दिसत नाहीत. पापडी हल्ली बाहेरगावाहून येते, पण विकताना नाव कतारगामचंच सांगतात. कबरस्तानाला पुरातत्त्व खात्याचा फलक आणि कुंपण आहे. आत गवत, बाहेर रिक्षा आणि हातगाड्या. ऑक्सेंडनच्या घुमटाखाली दुपारी गार सावली असते. नाताळच्या आठवड्यात मी नातवाला तिथे नेतो आणि १६६९ सांगतो, आणि त्याच्या पुढे माझ्या हात वर करण्याची गोष्टही सांगतो.

तुमच्यापैकी जे कुणी कुठल्या चर्चच्या, देवळाच्या, मशिदीच्या, ट्रस्टच्या समितीत असाल, त्यांच्याकडे माझं एक मागणं आहे. असं एखादं कुटुंब दारात आलं तर त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवू नका. त्यांच्या बरोबर जा.